जामीन झाला, सुटका कधी? आमच्या जिल्ह्यातल्या मोजणीच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

आज काम सुरू केलं. आम्ही चौघं आहोत: विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) पॅनेलवरच्या वकीलताई, कोर्टातून निवृत्त झालेले नाझरकाका, समाजकार्याचा एक विद्यार्थी आणि मी. मी हिशेबाचं आणि एक्सेलचं काम करते, कायदा शिकलेली नाही.

प्रश्न एकच आहे. जामिनाचा आदेश झाल्यापासून माणूस कारागृहाच्या दाराबाहेर यायला आमच्या जिल्ह्यात किती दिवस लागतात, आणि ते कशामुळे?

देशातल्या तुरुंगांचा वार्षिक अहवाल सांगतो की ३१ डिसेंबर २०२२ रोजी तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. त्यांच्यापैकी किती जणांना जामीन मिळूनही ते आतच आहेत, ते या आकड्यांवरून कळत नाही.

हा आकडा मागितल्यावर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. २९ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. संजय किशन कौल आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने राज्यांकडून तुरुंगनिहाय माहिती मागवली. बंद्याचं नाव, गुन्हा, जामीन आदेशाची तारीख, पूर्ण न झालेली अट आणि आदेशाला किती दिवस झाले, एवढंच हवं होतं. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात चित्र समोर आलं: जामीन होऊनही आत असलेले सुमारे ५,००० जण, त्यातल्या २,३५७ जणांना विधी सहाय्य मिळालं, १,४१७ जण सुटले. त्याच आदेशात निर्देश आले. जामिनाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहाला जावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर कोर्टाने स्वतःहून अट बदलण्याचा विचार करावा.

आम्ही तेच पाच रकाने घेतले आणि सहावा जोडला, प्रत्यक्ष सुटकेची तारीख.

९ डिसेंबर

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मी हौसेने सगळं एकाच अर्जात मागितलं: नावं, कलमं, तारखा, अटी. वकीलताई बाहेरगावी होत्या, त्यांना न दाखवताच पाठवला. ही चूक माझी. नियम माहीत नव्हता असं म्हणायलाही जागा नाही, तो छापलेला आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो.

२१ डिसेंबर

तोवर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून जामीन अर्ज शोधायला घेतले. आमच्या सत्र न्यायालयाचे 'क्रिमिनल बेल अ‍ॅप्लिकेशन' हा प्रकार निवडायचा, वर्ष टाकायचं, कॅप्चा भरायचा, निकाल उघडायचा. एका नोंदीला सरासरी चार मिनिटं लागतात. विद्यार्थी रोज संध्याकाळी दोन तास बसतो. आदेशाची पीडीएफ उघडली की अट शेवटच्या परिच्छेदात सापडते, वरून वाचत बसू नये.

६ जानेवारी २०२५

अडीच आठवडे वाया गेले. का ते लिहिते, म्हणजे दुसऱ्यांचे जाणार नाहीत.

यादी नाझरकाकांना दाखवली. ते पाच मिनिटं गप्प राहून पानं उलटत होते, मग म्हणाले, "अहो ताई, यात मॅजिस्ट्रेट कोर्ट कुठंय?"

सत्र न्यायालयातल्या जामीन अर्जाला स्वतःचा नंबर पडतो, म्हणून तो शोधता येतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मात्र कितीतरी जामीन रिमांडच्या टप्प्यावर होतात. तेव्हा दोषारोपपत्रच आलेलं नसतं, त्यामुळे खटल्याला आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटल्याचा) नंबरही नसतो. आदेश 'निशाणी १ खालील आदेश' म्हणून त्या कागदांतच राहतो. चोरी, मारामारी, दारू अशा बारीक गुन्ह्यांतली गरीब माणसं नेमकी तिथेच असतात, आणि आमच्या यादीत तीच नव्हती. नंबर पडलेली प्रकरणं मोजून जिल्ह्याचं चित्र काढायला निघालो होतो.

उपाय कष्टाचा निघाला. रिमांडला हजर राहणाऱ्या पॅनेल वकिलांच्या डायऱ्या आणि काकांच्या ओळखीवर नव्हे, तर रीतसर अर्ज करून पाहायला मिळालेले रोजनामे, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी. परवानगीला नऊ दिवस लागले.

१३ जानेवारी

अर्जाचं उत्तर आलं: माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने नाकारण्यात येते. नावं मागितली होती, तेव्हा हे अपेक्षितच होतं. वीस रुपयांचं तिकीट लावून अपील करता आलं असतं. त्यापेक्षा नवे चार अर्ज केले, प्रत्येकात एकच प्रश्न आणि फक्त संख्या. उदाहरणार्थ: 'अमुक ते अमुक महिन्यात जामीन आदेशानंतर सात दिवसांत सुटका न झाल्याचे किती बंद्यांबाबत प्राधिकरणाला कळवले, महिनानिहाय संख्या द्यावी.' हा प्रश्न निर्देशातूनच उचललेला आहे. मजकूर ६८ शब्दांचा. कोणी करणार असेल तर सुरुवातच इथून करा.

१८ जानेवारी

पहिल्या एकत्र यादीत ४३ ओळी होत्या. तपासल्यावर ३१ माणसं उरली. एकाच माणसाची तीन प्रकरणं तीन ओळींत होती. उलटही घडलं होतं: एकाच प्रकरणात चार आरोपी, जामीन दोघांना, आणि मी चौघांनाही जामीन झाल्याचं लिहिलं होतं. शिवाय नावं इंग्रजी अक्षरांत असल्याने एकच आडनाव तीन तऱ्हांनी आलं. आता प्रत्येक माणसाला आमचा क्रमांक दिला आहे, आणि माणसांचा तक्ता वेगळा, प्रकरणांचा वेगळा.

याच दिवशी एक गंभीर चूक झाली. नावांसकट यादी मी आमच्या चौघांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली. विद्यार्थ्याचा फोन घरातले सगळे वापरतात. वकीलताईंनी रात्री अकराला फोन केला आणि स्पष्ट बोलल्या. ज्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही अशा माणसाचं नाव कलमासकट गावात फिरलं तर त्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडू शकतं. यादी सगळ्यांच्या फोनमधून काढली. तेव्हापासून नावांची वही कागदावर आहे आणि ती वकीलताईंच्या कपाटात असते. संगणकात फक्त क्रमांक.

जातीचा रकानाही तेव्हाच काढला. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांची पोरं आजही संशयावरून उचलली जातात हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. ते मोजलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण ते कुटुंबाने स्वतः सांगितलं तरच, आणि वेगळ्या कागदावर.

२ फेब्रुवारी

या आठवड्यात मोजणी बाजूला राहिली.

कोर्टाच्या आवारात वडाखाली एक बाई बसल्या होत्या. नवरा आत. चोरीच्या गुन्ह्यात जामीन होऊन अठरा दिवस झाले होते. आदेश असा: पंधरा हजारांचा जातमुचलका (स्वतःची लेखी हमी) आणि तितक्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. बाई उसाच्या फडावरून आल्या होत्या, मुकादमाची उचल अंगावर. कापडाच्या पिशवीतून त्यांनी एकेक कागद काढून माझ्या हातात दिला. लॅमिनेशन केलेलं आधार, रेशनकार्ड, चार घड्या घातलेला सातबारा. घडीवर कागद फाटला होता आणि मागून वैद्यकीय चिकटपट्टी लावलेली होती.

दीर जामीन राहायला तयार होता. सातबाऱ्यावर मात्र अजून सासऱ्यांचं नाव. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, वारस नोंद केलेलीच नाही. जमीन दिराच्या ताब्यात आहे, तो कसतो, पण कागदावर ती मेलेल्या माणसाची. ऐपतीचा दाखला मिळेना. वारसाचा फेरफार लावायचा तर अर्ज, नोटीस, मुदत, मंजुरी. तोवर नवरा आत.

आमच्या तक्त्यात त्यांच्या ओळीपुढे काय लिहिलं होतं? 'जामीनदार नाही.' ते खोटं होतं. जामीनदार होता, शेजारीच उभा होता.

वकीलताईंनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत हेही आहे की बाहेर आल्यावर जामीनदार देऊ शकतो असं बंद्याने सांगितलं, तर ठराविक मुदतीचा तात्पुरता जामीन देण्याचा विचार कोर्ट करू शकतं. अर्ज मंजूर झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस बाहेर आला. एकवीस दिवस.

ताईंनी मग मोतीरामची गोष्ट सांगितली. १९७८ सालचं मध्य प्रदेशातलं प्रकरण. गवंडीकाम करणारा माणूस, दहा हजारांचा जामीन, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाचा जामीन नाकारलेला. न्या. कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच ते चूक ठरवलं होतं.

१५ फेब्रुवारी

'कारण' हा रकाना मोडला. एका शब्दात भरता येणारं कारण आता आम्ही स्वीकारत नाही. नवे पर्याय: आदेश कारागृहात पोचलाच नाही, जामीन झाल्याचं बंद्याला किंवा घरच्यांना माहीत नाही, जामीनदार आहे पण सातबारा दुसऱ्याच्या नावे, ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये थांबलंय, जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला, रोख रक्कम नाही, दुसऱ्या प्रकरणात अटक बाकी, नावात किंवा वडिलांच्या नावात फरक, आणि शेवटी, खरोखरच कोणी नाही.

जुन्या सगळ्या ओळी पुन्हा भराव्या लागल्या. त्यासाठी घरी जावं लागलं, फोनवर लोक सांगत नाहीत. एसटीचे आणि दुचाकीच्या पेट्रोलचे मिळून २,३०० रुपये, तीन शनिवार-रविवार. या कामात हा खर्च सगळ्यात सत्कारणी लागला असं मी म्हणेन. यातल्या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळ्या टेबलावर आहे. आदेश न पोचणं कोर्ट आणि कारागृह मिटवू शकतात, दाखला तहसील, रोख रक्कम सरकारी योजना. सगळ्यांना 'जामीनदार नाही' म्हटलं की कोणाच्याच टेबलावर काही पडत नाही.

८ मार्च

सगळ्यात मोठी चूक आज सापडली, आणि ती माझ्या खात्यातली, आकड्यांची.

जानेवारीत आम्ही एका ठरलेल्या दिवशी जामीन होऊनही आत असलेल्या लोकांची यादी केली आणि त्यावरून 'सुटायला सरासरी इतके दिवस' असा आकडा काढला. तो धक्कादायक होता. आम्ही तो एका बैठकीत सांगितलाही. तो चूक होता.

समजा महिन्यात दहा जणांना जामीन झाला. नऊ जण दोन दिवसांत सुटले, एक शंभर दिवस राहिला. कुठल्याही एका दिवशी आत जाऊन मोजलं तर बहुतेक तो शंभर दिवसवालाच भेटणार, नऊ जण क्वचितच भेटणार. म्हणजे एका दिवसाची मोजणी अडकलेल्यांनाच पुढे आणते. अडकलेल्यांना शोधून मदत करायची तर ती यादी उत्तम. किती दिवस लागतात हे सांगायला ती चालत नाही.

मोजणी आता आदेशापासून सुरू केली. जानेवारीत झालेले सगळे जामीन आदेश घ्यायचे आणि प्रत्येक माणूस सुटेपर्यंत त्याच्या मागे राहायचं.

ते करताना उलट बाजूने घसरले. जे अजून सुटलेच नव्हते त्यांची सुटकेची तारीख रिकामी, म्हणून एक्सेलने त्यांना हिशेबातून वगळलं. जास्तीत जास्त अडकलेलेच गळाले आणि आकडा गोंडस दिसायला लागला. आता त्यांच्यापुढे 'अजून आत, आजपर्यंत इतके दिवस' असं लिहिते आणि निष्कर्ष या रूपात मांडते: सात दिवसांत किती सुटले, तीस दिवसांत किती, त्यानंतरही किती आत. या मांडणीत रिकामी तारीख लपत नाही, आणि सात व तीस हे दोन्ही टप्पे निर्देशांतच असल्याने समोरच्याला वेगळं समजावावं लागत नाही.

सरासरीही सोडली. पाच जणांना १, १, २, ३ आणि ९० दिवस लागले तर सरासरी १९.४ येते, पण पाचातल्या एकालाही १९ दिवस लागलेले नाहीत. मधला माणूस २ दिवसांत सुटला आणि एकाचे ९० गेले, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगायला हव्यात.

बैठकीत ज्यांना जुना आकडा दिला होता त्या सगळ्यांना फोन करून तो मागे घेतला. दोघांनी तो पुढे सांगितला होता. फार वाईट वाटलं. आपला एक आकडा फुगलेला निघाला की पुढचे दहा खरे आकडेही लोक बाजूला सारतात, आणि त्याची किंमत आत बसलेला माणूस मोजतो.

२९ मार्च

कलम ४७९ ची यादी करून पाहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे की आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या ('पहिल्यांदा'च्या) बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावं, इतरांसाठी निम्मा काळ. अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं.

मी सूत्र लावलं: कमाल शिक्षा भागिले तीन. तीन ठिकाणी चुकलं.

एक, जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम ३९४ ला मी दहा वर्षं धरली. कलमात 'आजन्म कारावास किंवा दहा वर्षांपर्यंत' आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते तो ४७९ मधून बाहेर. दोन, ज्यांच्यावर आधी गुन्हा दाखल होता त्यांना मी 'पहिल्यांदा' मधून काढलं. कायद्यात निकष आधी शिक्षा न झालेली असण्याचा आहे, गुन्हा दाखल असण्याचा नाही. तीन, एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर पोटकलम २ आड येतं, ते मी पाहिलंच नव्हतं. दुसरी चूक सुधारून जी माणसं यादीत आली, त्यातली बरीच तिसरीमुळे पुन्हा गेली.

यादी वकीलताईंनी ओळीन् ओळ तपासून मगच पुढे दिली. सूत्राने फक्त कोणाचा कागद आधी उघडायचा ते ठरवावं. कोण पात्र हे ठरवायला वकीलच हवा.

१९ एप्रिल

गरीब बंद्यांसाठीची केंद्राची योजना. न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी तेव्हा (एप्रिल २०२५) ४०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती, जिल्हास्तरीय समिती मंजूर करायची. आम्हाला वाटलं होतं, निम्मी यादी इथे मिटेल. आदेशात 'ऐपतदार जामीनदार' असं लिहिलेलं असेल तर रोख रक्कम हातात असूनही उपयोग होत नाही. आधी रोख जामिनाची परवानगी देणारा बदल आदेशात करून घ्यावा लागतो. दोन्ही अर्ज एकाच दिवशी तयार ठेवायचे हे उशिरा कळलं. एका माणसाचे त्यात अकरा दिवस गेले.

७ जून

मे महिना कोर्टाच्या सुट्टीत गेला. या काळात मसुदा लिहिला.

मागणी एकच ठेवली, आणि ती तक्त्यातून आली. जामीनपात्र गुन्ह्यांत कायदा आजही म्हणतो की अटकेपासून आठवड्यात जो जामीन देऊ शकत नाही तो निर्धन आहे असं गृहीत धरावं आणि त्याला जातमुचलक्यावर सोडावं. संहितेच्या कलम ४७८ चं स्पष्टीकरण. अजामीनपात्र गुन्ह्यात मात्र कोर्टाने जामीन दिल्यावरही असं कुठलंही गृहीतक नाही. कोर्टाने 'सोडा' म्हटल्यानंतर या दोघांत फरक का असावा? तिथेही ठराविक दिवसांनंतर तेच गृहीतक लागू व्हावं, दुसऱ्या प्रकरणात हवा असलेला माणूस वगळून. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे राज्यालाही दुरुस्ती करता येते, राष्ट्रपतींची संमती घेऊन.

पहिला मसुदा बावीस पानी होता. आमदारांच्या स्वीय सहाय्यकांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले, "ताई, साहेब गाडीत वाचतात. एक पान द्या." राग आला होता. घरी येऊन एका पानात बसवलं तेव्हा कळलं, की जे गळालं ते गेलं तरी चालणार होतं. वर मागणी, मध्ये सात दिवस आणि तीस दिवसांचा तक्ता, खाली कारणांची वाटणी. त्या बाईंची हकीकत चार ओळींत, ओळख पटणार नाही अशी.

सोबत तारांकित प्रश्नाचा मसुदाही दिला. आमचा आकडा एका जिल्ह्याचा. राज्याचा आकडा सभागृहात सरकारकडूनच यायला हवा.

१२ जुलै

आमचे आकडे मी इथे का टाकत नाही असं दोघांनी विचारलं. जिल्हा लहान आहे. तालुका, कलम आणि महिना एकत्र लिहिले की गावातला कोणीही माणूस ओळखतो. आढावा समितीला दिलेल्या प्रतीतही पाचपेक्षा कमी माणसांचा कप्पा आम्ही वेगळा दाखवत नाही.

न्यायाधीन बंद्यांचा आढावा घेणाऱ्या समितीपुढे सोमवारी दहा मिनिटं मिळाली. जिल्हा न्यायाधीश समितीच्या अध्यक्षस्थानी असतात. कारणांचे पर्याय पाहून त्यांनी विचारलं, "सातबारा दुसऱ्याच्या नावे, हा तुम्हाला कुठे सापडला?" मी वडाखालची गोष्ट सांगितली. आमचा फॉर्म पॅनेल वकिलांनी तीन महिने वापरून पाहावा असं ठरलं. वारस नोंद अडलेली प्रकरणं महसूलकडे वेगळी पाठवायची की नाही, ते पुढच्या बैठकीत.

आतापर्यंतचा खर्च ७,८४० रुपये. त्यात झेरॉक्स आणि नकला सर्वात जास्त.

२६ जुलै

पॅनेल वकिलांकडून फॉर्म आले. निम्म्यांत कारणापुढे पुन्हा 'जामीनदार नाही' लिहिलेलं आहे, पर्यायांवर खूणच नाही. दोष त्यांचा नाही. रिमांडच्या गर्दीत उभ्याने भरायचा फॉर्म मी आडव्या पानावर बारीक अक्षरांत केला होता. आता उभं अर्धं पान, नऊ चौकोन, मोठी अक्षरं. सर्वात वर एकच प्रश्न: 'जामीन राहायला कोणी तयार आहे का? असेल तर कुठल्या कागदावाचून अडलंय?' सोमवारी सकाळी रिमांडच्या आधी नाझरकाका प्रती वाटायला जाणार आहेत. मीही रजा टाकली आहे.